खिशांत मावणारा संगणक आणि आमचा सातवीचा वर्ग

पालकमंडळींपैकीं अनेकांनीं गेल्या दोन वर्षांत आम्हांस एकच प्रश्न विचारला आहे: "सर, आमचा मुलगा वहींत चौकटी आंखून त्यांत ठिपके भरीत बसतो आणि त्याला अभ्यास म्हणतो, हें काय आहे?" या प्रश्नाचें उत्तर शाळेच्या फाटकापाशीं उभ्या उभ्या देतां येत नाहीं. म्हणून वार्षिकाच्या संपादकांनीं दिलेल्या या चार पानांचा उपयोग आम्ही त्याकरितां करीत आहों.

ठिपक्यांचें मूळ ज्या वस्तूंत आहे तिचें नांव मायक्रोबिट. लांबी ५ सेंटिमीटर, रुंदी ४ सेंटिमीटर, आगपेटीएवढीच म्हणाना. तिच्या तोंडावर पांच ओळींत पांच पांच असे २५ बारीक लाल दिवे आहेत व दोन बाजूंस दोन बटणें. पाठीवर संगणकाचा मेंदू, हालचाल ओळखणारा एक सेन्सर व दिशा ओळखणारा दुसरा. खालच्या कडेस सोनेरी पट्ट्या असून त्यांत पांच मोठीं छिद्रें आहेत. त्यांस क्रोकोडाइल क्लिपा लावून बाहेरची तार जोडतां येते. दोन लहान सेलांवर हें सर्व चालतें. वर्गांत पहिल्यानें दाखविलें तेव्हां मागच्या बांकावरून एकानें विचारलें, "सर, पण ह्याचा पडदा कुठं आहे?" पडदा नाहीं, कळफलक नाहीं, तरीहि हा संगणक कसा, हें समजावून देण्यांत आमचे पहिले दोन तास गेले आणि ते वायां गेले असें आम्हांस वाटत नाहीं.

याची वंशावळ थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. १९८१ सालीं इंग्लंडांतील बीबीसी या संस्थेनें, लोकांस संगणक शिकवावा या हेतूनें, केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीकडून 'बीबीसी मायक्रो' नांवाचा संगणक करवून घेतला. १९८४ सालीं आपल्या सरकारनें शाळांतून संगणकाची ओळख व्हावी म्हणून 'क्लास' नांवाची योजना काढली व सुमारें २५० शाळांपासून आरंभ केला. त्या योजनेंत हिंदुस्थानांतील शाळांत आला तो हाच बीबीसी मायक्रो. पुढें २०१६ सालीं त्याच संस्थेनें त्याच नांवाची आठवण ठेवून हा चिमुकला मायक्रोबिट काढला आणि ब्रिटनमधील अकरा-बारा वर्षांच्या सुमारें दहा लाख मुलांस तो फुकट वांटला. २०२० सालीं त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ति निघाली, तींत ध्वनि ऐकण्याची व काढण्याची सोय आहे. आमच्यापाशीं आहेत ते या दुसऱ्या आवृत्तीचे. टेबलभर जागा व्यापणाऱ्या जुन्या बीबीसी मायक्रोच्या प्रसिद्ध नमुन्यांत ३२ किलोबाइट स्मृति होती. या आगपेटींत १२८ आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालूं झालेला टिफ्रॅक हा तर सुमारें २,७०० व्हॅक्यूम ट्यूबांचा बनलेला, खोलीभर पसरलेला संगणक होता.

परंतु आकारमान हें येथें केवळ नवलाचें नाहीं. आम्ही स्वतः शाळेंत होतों तेव्हां संगणक पाहिला तो कांचेपलीकडून. खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. यंत्रांवर कापडी खोळी असत. वर्षांतून चार-दोन वेळां त्या निघत, आणि चाळीस मुलें मागें उभीं राहून मास्तरांच्या बोटांकडे पाहात. हात लावला तर बिघडेल, आणि बिघडलें तर भरून कोण देणार, ही भीति मास्तरांनाहि होती. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. भीतीपोटीं कुलुपांत राहिलेली वस्तु शिकवीत मात्र कांहींच नाहीं. मायक्रोबिटची किंमत दीड-दोन हजार रुपयांच्या घरांत आहे. ही रक्कम आमच्या पालकांस लहान नाहीं, पण एखादा बिघडला तरी शाळा बुडत नाहीं एवढी लहान आहे. एक बिघडलाहि. सेल जोडलेला असतांना एकानें तो पत्र्याच्या कंपास-पेटीवर ठेविला. पाठीमागचीं टोकें पत्र्यानें एकमेकांस जोडलीं गेलीं, यंत्र गरम झालें, आणि पुन्हा बोललें नाहीं. तो मेलेला तुकडा आम्हीं फळ्याशेजारीं खिळ्याला टांगून ठेविला आहे. 'शॉर्ट सर्किट' म्हणजे काय हें त्यानंतर शिकवावें लागलें नाहीं.

आतां ठिपक्यांविषयीं. यंत्राच्या पंचवीस दिव्यांवर इंग्रजी अक्षरें सरकत जातात, ती सोय त्यांत आयती आहे. मराठी अक्षरें नाहींत. मुलांनीं आपलें नांव मराठींत पाहिजे असा हट्ट धरला. तेव्हां आम्हीं सांगितलें, चौकटींत पांच गुणिलें पांच घरें आंखा व अक्षर बसवून दाखवा. येथें खरी गंमत आहे. शिरोरेषेंत पहिली ओळ संपते, उरतात चार. 'ग' बसतो, 'न' बसतो, 'प' उत्तम बसतो. 'म' आणि 'भ' यांत भेद राखणें कठीण. 'ध' आणि 'घ' यांचें तर भांडण मिटतच नाहीं. 'क्ष' बसवून दाखवीन म्हणणारा एक मुलगा तीन दिवस घरीं खपला व चवथ्या दिवशीं शिरोरेषाच काढून टाकावी असा तोडगा घेऊन आला. वर्गानें तो फेटाळला! या खटाटोपांत प्रत्येक दिवा पेटलेला किंवा विझलेला, या दोनच अवस्थांनीं चित्र काढतां येतें, हें त्यांना आपोआप उमगलें. मग किती निरनिराळीं चित्रें होतील, हा हिशेब आम्हीं फळ्यावर मांडला. एका दिव्याचीं दोन, दोन दिव्यांचीं चार, तिहींचीं आठ, असें दुप्पट करीत पंचविसाव्यापर्यंत गेलें कीं ३,३५,५४,४३२. तीन कोटींहून अधिक चित्रें त्या इवल्याशा चौकटींत आहेत, आणि त्यांत 'क्ष' चें नीटसें एकहि नाहीं, अशी तक्रार त्या मुलानें केली.

यंत्राला काम सांगावयाचें तें असें. शाळेच्या संगणकावर आज्ञांचे रंगीत ठोकळे एकाखालीं एक जुळवावयाचे; ते जुळले कीं तारेनें मायक्रोबिट जोडून तो प्रोग्रॅम त्यांत उतरवावयाचा. एका वेळीं एकच प्रोग्रॅम राहतो, नवा आला कीं जुना पुसला जातो. तार काढली, सेल लावले, कीं यंत्र स्वतंत्र झालें. मग तें खिशांत घालून मैदानावर न्या कीं घरीं न्या.

आज्ञांचा क्रम म्हणजे काय हें समजावण्यास आम्हांस पुस्तकाची गरज पडली नाहीं, कारण आम्ही दापोडींत आहों. एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आमच्या पंचक्रोशींतील अनेक घरांचा आधार झालेली आहे. तेथें नुसत्या चेसिसवर गाडीचा सांगाडा उभा राहतो. तेथून निवृत्त झालेले एका विद्यार्थिनीचे आजोबा आम्हीं वर्गांत बोलाविले. ते म्हणाले, "आधीं सांगाडा, मग पत्रा, मग रंग, मग बांकडीं. रंगाच्या आधीं बांकडीं बसवाल तर रंगारी तुमच्या नांवानं ओरडंल." मग त्यांनीं सांगितलें कीं एकच रिव्हेट मारण्याचें काम शेंकडों वेळां करावें लागतें, तें कागदावर शेंकडों वेळां लिहीत नाहींत, 'इतके मारा' एवढेंच लिहितात, आणि पत्र्याला पोक आलें असेल तर तो परत पाठवावयाचा, नसेल तर पुढें न्यावयाचा. क्रम, पुनरावृत्ति आणि अट, या तिन्ही गोष्टी आजोबांनीं संगणकाचें नांव न घेतां पाऊण तासांत सांगितल्या. पुण्यांत ज्या संस्थेचें ठाणें आहे त्या एसीएम इंडियानें २०१६ सालीं 'सीएसपाठशाळा' हा उपक्रम सुरूं केला. संगणक समोर नसतांनाहि संगणकाच्या रीतीनें विचार करण्यास मुलांस शिकवितां येतें, हें त्यांतील एक मुख्य सूत्र आहे. त्याची सत्यता आम्हांस त्या दिवशीं पटली.

यंत्राचें बोलणें खरें मानावें काय, हा दुसरा धडा उन्हाळ्यानें दिला. आमच्या वरच्या मजल्यावर पत्र्याचें छप्पर आहे. तेथें किती उकडतें हें मोजून मुख्याध्यापकांस अर्ज करावयाचा, असा बेत मुलांनीं केला. मायक्रोबिटांत तापमान कळतें. परंतु प्रयोगशाळेंतील पाऱ्याचा तापमापक शेजारीं ठेविला तेव्हां यंत्राचा आंकडा कांहीं अंशांनीं अधिक आला. अर्ज बळकट होत असल्यामुळें हा आंकडा कित्येकांस फार आवडला! त्याचें कारण असें कीं, तें माप घेणारा भाग संगणकाच्या मेंदूंतच बसविलेला आहे. मेंदू काम करतांना स्वतः तापतो, आणि यंत्र हवेचें नव्हे तर आपल्या डोक्याचें तापमान सांगतें. कोणी म्हणालें, फरक वजा करावा. त्यावर एका मुलीनें विचारलें कीं सकाळीं फरक जेवढा होता तेवढाच दुपारीं असेल हें कशावरून? मग आठवडाभर दिवसांतून तीनदां दोन्ही मापें लिहून काढण्यांत आलीं. अर्जांत अखेर पाऱ्याचेच आंकडे गेले. पंखे अद्याप यावयाचे आहेत.

येथें एका उणिवेची कबुली देणें भाग आहे. वर्गांत मुलें ५४ आणि यंत्रें बारा. चार-पांच मुलांचा गट केला कीं माउस कोणाच्या हातीं जातो, तर ज्याच्या घरीं संगणक आहे त्याच्या. आणि तो बहुधा मुलगा असतो. मुली वही धरून बसतात व सुंदर अक्षरांत उतरवून घेतात. पहिलें सहा महिने हें आमच्या नजरेस आलें नाहीं, कारण वर्ग शांत होता व वह्या पूर्ण होत्या. आतां घंटा वाजली कीं माउस डावीकडे सरकतो, असा नियम आहे. नियम मोडला जातो, पण पूर्वींइतका नाहीं. ज्यांचे वडील रिक्षा चालवितात किंवा भोसरीच्या कारखान्यांत कंत्राटावर आहेत, त्यांच्या घरीं एकच मोबाइल असतो आणि तो वडिलांबरोबर बाहेर असतो. अशा मुलांस घरीं नेण्यास यंत्र आधीं द्यावयाचें, हाहि नियम केला आहे. त्यावर कांहीं पालकांनीं नाराजी कळविली, ती आम्हीं ऐकून घेतली.

'पण याचा नोकरीस उपयोग काय?' असेंहि विचारतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावीपासून कोडिंग सांगितलें आहे, आणि जाहिरातींनीं त्याचा इतका गाजावाजा केला कीं, सातवींतल्या मुलानें कोडिंग न केल्यास तो उपाशी मरेल असें वाटावें. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या आज्ञा आज शिकवितों त्या ही मुलें मोठीं होईपर्यंत जुन्या होतील. आपण सांगितलें त्याप्रमाणें वस्तु वागते, आपल्या मनांत होतें त्याप्रमाणें नव्हे, एवढा अनुभव जरी हातांस झाला तरी आमच्या मतें तो पुरे आहे. आपल्याच जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कालबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला, तो हातानें काम करीत शिकण्यासाठींच. त्याच आश्रमांत २००२ सालीं अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेच्या साहाय्यानें 'फॅब लॅब' ही कार्यशाळा निघाली. एमआयटीबाहेरची ती पहिली. खेड्यांतील मुलांच्या हातीं यंत्रें देण्यांत आम्ही कांहीं नवें करीत आहों असा आव म्हणूनच आणीत नाहीं.

आतां ज्या कामाकरितां हा लेख मुख्यतः लिहावासा वाटला त्याकडे वळतों. पवना मुळेला मिळते ती आपल्या दापोडीपाशीं. पावसाळ्यांत मुळशी आणि पवना या धरणांतून पाणी सोडलें कीं नदीकांठच्या वस्त्यांस सामान उचलावें लागतें, हें येथें कोणास सांगावयास नको. सातवींतील एका मुलीचें घर नदीकडच्या उताराला आहे. तिची आई भोसरीस पॅकिंगच्या कामावर जाते. तिची रात्रपाळी असेल त्या रात्रीं घरांत ही मुलगी आणि धाकटा भाऊ दोघेंच. वर्षअखेरीस प्रत्येक गटानें आपल्या उपयोगाची एक वस्तु करावयाची असते. हिनें सांगितलें, "सर, पाणी आलं कीं वाजेल असं करायचं."

कल्पना सोपी आहे. फळीच्या एका तुकड्याला दोन खिळे ठोकले. एकाची तार यंत्राच्या शून्य क्रमांकाच्या छिद्रास, दुसऱ्याची 'ग्राउंड' म्हणून असलेल्या छिद्रास. नदीच्या पाण्यांत क्षार विरघळलेले असतात, त्यामुळें तें वीज वाहून नेतें. पाणी दोन्ही खिळ्यांस लागलें कीं मंडल पुरें होतें व यंत्रास कळतें. हें यंत्र उतारावरील पायरीपाशीं. तें रेडिओनें, इंटरनेटशिवाय, घरांतील दुसऱ्या यंत्रास निरोप धाडतें आणि दुसरें वाजूं लागतें. रेडिओला गटक्रमांक द्यावा लागतो. आम्हीं फळ्यावर उदाहरणादाखल १ लिहिला होता, तो सर्व वर्गानें उतरवून घेतला. पहिल्या चांचणीस एका गटानें बादलींत फळी बुडविली आणि वर्गांतील सगळीं यंत्रें एकदम कोकलूं लागलीं. शेजारच्या वर्गांतील बाई पाहावयास आल्या.

खरी चांचणी पहिल्या सरीनें घेतली. नदी खालीं होती, नुसती भुरभुर होती, तरी यंत्र वाजलें. भिजलेल्या फळीवरून, दोन खिळ्यांच्या मधील ओलाव्यांतून, वीज गेली होती; यंत्राला तेवढी अत्यल्प वीजहि पुरते. गटांतील एका हुषार मुलानें प्रोग्रॅम बदलला: खिळे सलग अर्धा मिनिट ओले राहिले तरच पाणी आलें समजावें. व्यर्थ! ओली फळी तासभर ओलीच राहते. जी अडचण फळीची आहे ती आज्ञांनीं सुटत नाहीं, हें त्या हुषार मुलास फार लागलें असावें. अखेर फळीच गेली. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली तळाशीं कापून, उभी बांधून, बुचांतून दोन तारा एकमेकींपासून दूर सोडल्या. पाऊस बाहेरून ओघळतो, आंत येतें तें खालून चढलेलें पाणीच.

हें सर्व नीट चालूं लागल्यावर मुलीची आई शाळेंत आली. रात्रपाळी करून तशीच आली होती. तिनें यंत्र हातांत घेतलें, उलटें-सुलटें केलें आणि विचारलें, "सर, हें वाजलं तर पोरीनं भावाला घेऊन वर जायचं, तें समजलं. पण नाहीं वाजलं, तर तिनं काय समजायचं? पाणी नाहीं, कीं सेल संपले?"

आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. रेडिओ सतत चालूं ठेविला तर ते लहान सेल दोन-तीन दिवसांत बसतात, हें आम्हांस ठाऊक होतें. पण बसलेला सेल आणि कोरडी पायरी यांची शांतता एकसारखीच असते, हें दोन महिन्यांत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. आम्ही म्हणालों, "ताई, महापालिकेची सूचना आली, कीं शेजारी हलूं लागले, कीं यानें वाजण्याची वाट मुळींच पाहूं नये. हें शाळेंतलें काम आहे. याच्या भरंवशावर मुलांनीं झोपूं नये." ती "बरं" म्हणाली. तिचें समाधान झालें नाहीं, आणि तें व्हावयास नको होतेंच. त्या रात्रीं आम्हांसहि नीट झोंप आली नाहीं. जी वस्तु मुलांस निर्धास्त करते पण स्वतः निर्धास्त नाहीं, ती घरांत पाठवून आपण अधिकच धोका तर पाठविला नाहीं ना, असें मनांत येत होतें.

सोमवारीं ती मुलगी मधल्या सुट्टींत एकटीच संगणकापाशीं बसलेली आढळली. तिनें आज्ञा फिरविल्या होत्या. पायरीवरील यंत्र आतां दर मिनिटास 'मी आहें' एवढाच निरोप धाडतें. तो आला कीं घरांतील यंत्रावर मधला एक दिवा क्षणभर लागतो. तीन मिनिटें निरोप आला नाहीं तर सर्व चौकटीवर फुली उमटते व बारीक आवाज होतो. पाण्याचा आवाज निराळा आहे, मोठा व थांबत नाहीं असा. निरोपामधल्या वेळीं रेडिओ बंद ठेविल्यानें पायरीवरचे सेलहि पूर्वींपेक्षां अधिक दिवस टिकतात, हा लाभ तिच्या वहींत खालीं वेगळा लिहिलेला होता. घरांतल्या यंत्राला सेलांऐवजीं मोबाइलच्या चार्जरची तार लावावी, हें तिच्या भावानें सुचविलें. वीज गेली तर काय, हा प्रश्न तिनें त्यापुढें लिहून कोरी जागा सोडली आहे.

यंदा बारांपैकीं दोन यंत्रें जूनच्या आरंभापासून त्या घरीं आहेत. उरलेल्या दहांवर नव्या सातवीचीं मुलें 'क्ष' बसवीत आहेत.